घर भाड्याने देण्याचे कागद आणि त्यांचे शुल्क : गोवा विधानसभेच्या सदस्यांना खुले पत्र

प्रति,
मा. महसूलमंत्री, मा. कायदामंत्री आणि गोवा विधानसभेचे सर्व सन्माननीय सदस्य,
पर्वरी, गोवा

विषय : निवासी घरांच्या भाडेकरारासाठी लागणारे कागद, त्यांची भाषा आणि त्यांचे शुल्क

सन्माननीय सदस्यहो,

गोव्यात घर भाड्याने देणारा माणूस बहुतेक वेळा मोठा मालमत्तादार नसतो. वरचा मजला रिकामा झाला म्हणून तो देणारे फोंड्यातले निवृत्त शिक्षक, नवऱ्याच्या पश्चात दोन खोल्यांच्या भाड्यावर औषधपाणी भागवणारी म्हापशातली बाई, मुले आखातात किंवा लंडनला स्थायिक झाल्यावर घराला निदान माणसांचा वावर राहावा म्हणून भाडेकरू शोधणारे वृद्ध आईवडील, असे हे घरमालक आहेत. त्यांच्याकडे येणारा भाडेकरूही तितकाच साधा असतो. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात कामाला लागलेली दोडामार्गची परिचारिका, वेर्णा किंवा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतला कामगार, मोपाचा विमानतळ सुरू झाल्यावर नोकरीसाठी पेडण्यात खोली शोधत आलेला तरुण, अशी ही माणसे. या दोघांचा व्यवहार एका खोलीचा आणि काही हजार रुपयांच्या मासिक भाड्याचा असतो. तो कायदेशीर रीतीने पार पाडायचा ठरवला, की कोणता कागद कुठे करायचा आणि त्याचे किती पैसे भरायचे हे त्यांना छापील स्वरूपात, त्यांच्या भाषेत, एका जागी वाचायला मिळत नाही.

मी फोंडा तालुक्यात राहते. आमच्या घराचा एक भाग भाड्याने दिलेला आहे, बाहेर असलेल्या भावंडांच्या घराचे कागदही मीच सांभाळते, आणि आमच्याच घरातली दोन मुले पर्वरीला आणि वेर्ण्याला भाड्याने राहतात. त्यामुळे घरमालकाची आणि भाडेकरूची अशा दोन्ही बाजूंची काळजी मला ठाऊक आहे. माझी मागणी अशी आहे की निवासी भाडेकरारासाठी शासनाने कोकणी आणि मराठीतला एक अधिकृत नमुना द्यावा आणि त्याला लागणारे प्रत्येक शुल्क, रुपयांच्या आकड्यासह, प्रत्येक उपनिबंधक कार्यालयाच्या, म्हणजे जिथे दस्तऐवज नोंदवले जातात तिथल्या, भिंतीवर लावावे. यातला दुसरा भाग मागण्याचीही खरे तर गरज पडायला नको. नोंदणी कायदा १९०८ च्या कलम ७९ नुसार शुल्काचा तक्ता राजपत्रात प्रसिद्ध करावा लागतो, आणि त्याची प्रत इंग्रजीत व जिल्ह्याच्या देशभाषेत प्रत्येक नोंदणी कार्यालयात लोकांना दिसेल अशी लावावी लागते. शतकापूर्वीच्या इंग्रज अमदानीतल्या कायद्याने सामान्य माणसाला दिलेला हा हक्क आहे.

आता मूळ अडचणीकडे येते. भाड्याचा करार अकरा महिन्यांचाच करायचा असतो, असे गोव्यात कोणीही सांगेल. त्याचे कारण नोंदणी कायद्याच्या कलम १७ मध्ये आहे. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा, वर्षावारी चालणारा किंवा वार्षिक भाडे ठरवलेला भाडेपट्टा नोंदवलाच पाहिजे, आणि नोंदवला नाही तर कलम ४९ नुसार त्यातल्या अटी सिद्ध करण्यासाठी तो पुरावा म्हणून चालत नाही. याच कलम १७ मध्ये लहान भाडेपट्ट्यांना सूट देण्याचा अधिकार राज्य सरकारला दिलेला आहे, पण ती सूट पाच वर्षांपर्यंतच्या आणि वार्षिक भाडे पन्नास रुपयांपेक्षा जास्त नसलेल्या पट्ट्यांपुरती आहे. १९०८ साली पन्नास रुपयांत वर्षभर घर मिळत असेल, आज त्या रकमेत एका दिवसाचाही निवारा मिळत नाही. म्हणजे लहान माणसाला सवलत मिळावी असा विचार कायद्यात होता, काळाने तो निरुपयोगी केला आणि त्याची दुरुस्ती कोणी केली नाही. म्हणून सगळा गोवा अकरा महिन्यांच्या आडोशाला राहतो. दर अकरा महिन्यांनी नवा मुद्रांक, नवी नोटरी, नव्या झेरॉक्स आणि पोलीस ठाण्यात पुन्हा नवी प्रत, हे चक्र तोच भाडेकरू त्याच खोलीत सहा वर्षे राहिला तरी चालूच असते. काही घरमालक कंटाळून दुसऱ्या वर्षापासून काहीच लिहीत नाहीत. मग भाडेकरू कोणत्या अटींवर राहतो आहे, हे दोघांपैकी कोणालाच दाखवता येत नाही.

नोंदणी टाळून तीन किंवा पाच वर्षांचा करार साध्या कागदावर केला, तर काय होते हेही लोकांना सांगायला हवे. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली अँथनी विरुद्ध के. सी. इट्टूप या खटल्यात स्पष्ट केले की अशा नोंदणी नसलेल्या पट्ट्याने पाच वर्षांचा हक्क मिळत नाही, पण ताबा दिला असेल आणि भाडे घेतले जात असेल, तर मासिक भाडेकरूचे नाते निर्माण होते. म्हणजे कागद फसला तरी नाते उरते, आणि ते ज्या अटींवर उरते त्या दोघांनी ठरवलेल्या नसतात.

याहून मोठा गैरसमज नोटरीबद्दल आहे. नोटरीचा शिक्का बसला की करार पक्का झाला, असे बहुतेकांना प्रामाणिकपणे वाटते. नोटरी फक्त सही कोणी केली याची साक्ष देतो, त्याने नोंदणी होत नाही आणि कमी पडलेले मुद्रांक शुल्कही भरून निघत नाही. भारतीय मुद्रांक कायदा १८९९ च्या कलम ३५ प्रमाणे पुरेसा मुद्रांक नसलेला दस्तऐवज, कमी पडलेली रक्कम आणि तिच्या दहापटीपर्यंतचा दंड भरल्याशिवाय पुराव्यात घेतला जात नाही. पिढ्यानपिढ्या चालत आलेल्या सवयीने लोक कमी किमतीचा एखादा स्टॅम्पपेपर घेतात आणि त्यावर मजकूर टंकून आणतात. त्या कराराला प्रत्यक्षात किती मुद्रांक लागतो याचा हिशोब भाडे, मुदत आणि आगाऊ रक्कम यांवरून करावा लागतो. तो दुकानदार करत नाही, आणि घरमालकाने स्वतः करावा म्हटले तर कोष्टक सापडत नाही. हे शुल्क कोणी भरायचे हेही कराराच्या वेळी कोणी बोलत नाही. वेगळे काही ठरले नसेल तर भाडेपट्ट्याचा मुद्रांक भाडेकरूने भरायचा, असे याच कायद्याचे कलम २९ सांगते. नव्याने नोकरीला लागलेल्या मुलीला खोलीची अनामत, पहिल्या महिन्याचे भाडे आणि दलालाचे पैसे दिल्यावर हा खर्च अचानक कळतो, तेव्हा तो तिला अन्याय वाटला तर नवल नाही.

एका तालुक्याच्या ठिकाणी भाडेकराराच्या नोंदणीला एकूण किती खर्च येईल, असे मी विचारले, तेव्हा मला आकडा मिळाला नाही, बाहेर बसलेल्या माणसाला विचारा असे उत्तर मिळाले. बाहेरच्या माणसाने एकच ठोक रक्कम सांगितली. त्यात मुद्रांक किती, नोंदणी शुल्क किती, मजकूर लिहिण्याचे किती आणि त्याची स्वतःची मजुरी किती, हे वेगळे करून सांगायला तो तयार नव्हता. त्या माणसाशी माझे वैर नाही. कागद भरून देणे हेही काम आहे आणि त्याचे मोल त्याला मिळायलाच हवे. माझी हरकत आहे ती सरकारी शुल्क आणि खाजगी मेहनताना एकाच रकमेत मिसळले जाण्याला, कारण तक्ता भिंतीवर असता तर हे मिसळणे शक्यच झाले नसते.

कराराच्या मजकुराची अवस्था तर त्याहून चिंताजनक आहे. झेरॉक्सच्या दुकानांत आणि मोबाईलवर फिरणारे बरेच मसुदे मुंबई-पुण्यातून आलेले असतात. गोव्यातल्या घरासाठी गोव्यातल्याच दोन माणसांनी केलेल्या एका करारात महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलमांचा हवाला दिलेला मी स्वतः वाचला आहे. तो कायदा पत्रादेवीच्या सीमेपलीकडे, महाराष्ट्रात लागू होतो. इथे लागू आहे तो गोवा, दमण व दीव इमारती (भाडेपट्टा, भाडे व निष्कासन) नियंत्रण कायदा १९६८. या कायद्याप्रमाणे भाडेकरूला घराबाहेर काढायचे तर कायद्यात दिलेल्या कारणांपैकी एखादे कारण भाडे नियंत्रकापुढे सिद्ध करावे लागते. भाडे थकल्याचे कारण असेल, तर थकबाकी एकूण तीन महिन्यांची असावी लागते, नोंदणीकृत टपालाने नोटीस पाठवावी लागते, आणि नोटीस मिळाल्यापासून तीस दिवसांत भाडेकरूने पैसे भरले नाहीत तरच पुढे जाता येते. घरमालकाला हे माहीत नसते, म्हणून तो तोंडी धमक्या देतो किंवा पाण्याची जोडणी तोडतो. भाडेकरूलाही हे माहीत नसते, म्हणून तो घाबरून एका रात्रीत सामान उचलतो किंवा उलट, आपल्याला कोणी हात लावू शकत नाही असे समजून भाडे थांबवतो. या एका परिच्छेदाएवढी माहिती कराराच्या मागच्या पानावर छापलेली असती, तर आमच्या गावातले काही तंटे तरी पंचायतीपर्यंत गेले नसते, याची मला खात्री आहे.

या कायद्याच्या धास्तीने पुष्कळ घरमालक भाडेपट्ट्याऐवजी परवान्याचा, म्हणजे घर वापरायची फक्त परवानगी देणारा लीव्ह अँड लायसन्सचा, करार करतात आणि मथळा बदलला की आपण सुरक्षित झालो असे धरून चालतात. तसे होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ साली असोसिएटेड हॉटेल्स विरुद्ध आर. एन. कपूर या निकालात सांगितले की कागदाला काय नाव दिले आहे यापेक्षा दोघांचा खरा हेतू काय होता आणि जागेचा संपूर्ण ताबा दिला होता का, हे पाहिले जाईल. ज्या घराची किल्ली एकट्या भाडेकरूकडे आहे, जिथे मालक विचारल्याशिवाय पाऊल टाकत नाही, तिथे परवाना या शब्दावर सगळा भार टाकणे धोक्याचे आहे. घरमालकाची खरी गरज वेगळी आहे. ठरलेली मुदत संपली की घर परत मिळेल याची त्याला खात्री हवी आहे, आणि ती सरळ कायद्याने, सरळ नोंदणीने द्यायला हवी.

शेजारचे राज्य याबाबतीत आपल्यापुढे आहे. महाराष्ट्रात वरील १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ नुसार भाड्याचा किंवा परवान्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, मग मुदत अकरा महिन्यांची का असेना. तो नोंदवण्याची जबाबदारी घरमालकावर आहे, आणि त्याने ती टाळली तर अटींबाबत भाडेकरू जे म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. परवान्याच्या कराराला मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के आहे, नोंदणी शुल्क शहरी भागात १,००० रुपये आणि ग्रामीण भागात ५०० रुपये आहे, आणि हे सगळे घरबसल्या ऑनलाइन करता येते. बांद्यातला किंवा सावंतवाडीतला घरमालक मनातल्या मनात हिशोब करून खर्च सांगू शकतो. इथे दर नेमके तेवढेच असावेत असा माझा आग्रह नाही. लहान आणि ठरावीक शुल्क असेल तर लोक स्वतःहून नोंदणीला येतात, एवढे ध्यानात घ्यावे. मुद्रांकाचा दर कमी करायला नवा कायदा करण्याचीही वाट पाहावी लागत नाही. मुद्रांक कायद्याच्या कलम ९ ने राजपत्रातल्या आदेशाने सूट देण्याचा अधिकार सरकारला दिलेला आहे, आणि नोंदणी शुल्काचा तक्ता तर राज्य सरकारच ठरवते.

केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी मंजूर करून राज्यांकडे पाठवलेल्या नमुना भाडेकरू कायद्यातही घेण्यासारखे बरेच आहे. निवासी घरासाठी अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त नसावी, कराराची माहिती दोन महिन्यांत भाडे प्राधिकरणाला द्यावी, घरात येण्यापूर्वी मालकाने चोवीस तास आधी कळवावे, वीज-पाणी तोडू नये, आणि मुदत संपूनही घर न सोडणाऱ्या भाडेकरूकडून पहिले दोन महिने दुप्पट व त्यानंतर चौपट भाडे घ्यावे, अशा त्यात तरतुदी आहेत. यात दोन्ही बाजूंना काही मिळते आणि दोन्ही बाजूंना काही पाळावे लागते. तो कायदा जसाच्या तसा उचलावा असे मात्र मला वाटत नाही. १९६८ च्या कायद्याच्या संरक्षणाखाली पणजी-मडगावात वर्षानुवर्षे राहणाऱ्या जुन्या भाडेकरूंचा आणि १९७५ च्या कायद्याने संरक्षण मिळालेल्या मुंडकारांचा, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्यांचा, प्रश्न पूर्ण वेगळा आहे, आणि तो या नव्या करारांच्या गाडीला जोडू नये.

गोव्याचा म्हणून एक खास प्रश्न आहे, आणि बाहेरच्या कोणत्याही मसुद्यात तो सापडणार नाही. आमच्याकडे घर क्वचितच एकट्याच्या नावावर असते. पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी संहितेमुळे विवाहानंतर मालमत्ता समाईक होते, वडिलांच्या पश्चात सगळी भावंडे वारस होतात, आणि २०१२ च्या वारसा व इन्व्हेंटरी (मृताच्या मालमत्तेची यादी) कायद्याखालची वाटणी होईपर्यंत घरपट्टीची पावती आजोबांच्या नावावरच येत राहते. आयकराच्या १९६१ च्या कायद्यातही याची दखल होती. त्याच्या कलम ५अ नुसार या संहितेखालच्या पती-पत्नीचे पगाराखेरीज इतर उत्पन्न, त्यात घरभाडेही आले, दोघांमध्ये निम्मे-निम्मे धरले जात असे. मग करारावर मालक म्हणून सही कोणी करायची, भाड्याची पावती कोणाच्या नावाने द्यायची, जमिनीचा एक-चौदाचा उतारा आणि घरपट्टीची पावती यांवरची नावे वेगळी असतील तर काय जोडायचे, याचे उत्तर अधिकृत नमुन्यात असायलाच हवे. पावतीचे निघालेच आहे तर इतकेच सांगते, की पाच हजारांवरच्या रकमेच्या पावतीला एक रुपयाचे रसीद तिकीट लागते, हेसुद्धा लोक विसरत चालले आहेत.

भावंडांपैकी एखादा परदेशात असेल तर मुखत्यारपत्र लागते. नोंदणी कायद्याच्या कलम ३३ प्रमाणे भारतात राहणाऱ्या माणसाने, नोंदणीसाठी दस्तऐवज सादर करण्याचे मुखत्यारपत्र निबंधक किंवा उपनिबंधकासमोर करून प्रमाणित करून घ्यायचे असते. परदेशात असलेल्याला ते तिथल्या नोटरीपुढे, न्यायाधीशापुढे किंवा भारतीय वाणिज्यदूतापुढे करता येते. परदेशात केलेले पत्र भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक लावून घ्यावा लागतो, नाहीतर पुढे अडचण येते. लिस्बनला किंवा कुवेतला असलेल्या मुलाने पत्र पाठवले, ते इथे कपाटात राहिले आणि तीन महिने उलटले, असे होणे अगदी सहज शक्य आहे. फक्त घर भाड्याने देणे, भाडे घेणे आणि करार नोंदवणे एवढ्यापुरते मर्यादित, छोटे मुखत्यारपत्र नमुना म्हणून शासनाने दिले, तर विक्रीचे सर्वाधिकार देणारी लांबलचक पत्रे करून देण्याचा धोकाही टळेल. म्हाताऱ्या किंवा आजारी मालकाच्या घरी येऊन नोंदणी करण्याची सोय कलम ३१ मध्ये आहे. तीही लोकांना माहीत नाही, म्हणून खुर्चीत बसवून नेलेली माणसे कार्यालयाच्या जिन्यावर दिसतात.

भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देण्याला माझा पाठिंबा आहे. गावात कोण राहते हे पोलिसांना कळायला हवे, आणि परदेशी पाहुणा असेल तर चोवीस तासांत त्याची माहिती कळवायलाच हवी. पण एका ठिकाणी नोटरी केलेला करार मागतात, दुसऱ्या ठिकाणी साधी प्रत चालते, कुठे पोच मिळते आणि कुठे मिळत नाही, हा फरक मिटला पाहिजे. कराराची नोंदणी झाली की तीच माहिती पोलिसांकडे आणि पंचायतीकडे आपोआप जावी, म्हणजे प्रत्येक खिडकीवर तेच फोटो आणि तीच ओळखपत्रे पुन्हा द्यावी लागणार नाहीत. पर्यटकांना दिवसावारी खोल्या देणाऱ्यांचा विषय १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली येतो, तो मी इथे मुद्दाम बाजूला ठेवते. एवढे मात्र म्हणेन की वर्षभराच्या भाडेकरूचे कागद जितके कटकटीचे राहतील, तितकी घरे दिवसावारीकडे वळतील, आणि इथे नोकरी करणाऱ्यांना खोली मिळणे अधिक अवघड होईल.

भाषेबाबतची मागणी कायद्याला धरूनच आहे. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरीतली कोकणी राजभाषा झाली आणि शासकीय कामासाठी मराठीच्या वापराची तरतूद झाली. नोंदणी कायद्याचे कलम १९ भाषांतराची मागणी फक्त अशाच दस्तऐवजासाठी करते, जो जिल्ह्यात सामान्यपणे न वापरल्या जाणाऱ्या आणि अधिकाऱ्याला न समजणाऱ्या भाषेत आहे. फोंडा, डिचोली, पेडणे किंवा सत्तरीत मराठी ही अशी अनोळखी भाषा आहे असे कोणी म्हणणार नाही. तरीही ज्या करारावर आयुष्यभराची पुंजी असलेले घर दिले जाते, तो करार तिच्या भाषेत नसल्याने सही करणारी बाई वाचू शकत नाही, आणि तिला दुसऱ्याने सांगितलेल्या अर्थावर अंगठा किंवा सही करावी लागते. हे मला सर्वांत जास्त सलते.

म्हणून मी विनंती करते की शुल्काचा तक्ता कलम ७९ प्रमाणे कोकणी, मराठी आणि इंग्रजीत प्रत्येक उपनिबंधक कार्यालयात दर्शनी भागी लावावा, आणि त्यात भाडेकरारासाठी वेगळी ओळ असावी. महिना दहा हजार भाडे, वीस हजार अनामत आणि दोन वर्षांची मुदत असेल तर मुद्रांक किती आणि नोंदणी किती, असे एक सोडवलेले उदाहरण त्याखाली द्यावे. तीन वर्षांपर्यंतच्या निवासी करारासाठी एकच ठरावीक, परवडणारे शुल्क ठेवावे. भाडेकराराची नोंदणी ही सेवा गोव्याच्या २०१३ च्या कालबद्ध सेवा कायद्याखाली आणून तिची मुदत जाहीर करावी. करार, भाड्याची पावती, अनामत परतीची नोंद आणि मर्यादित मुखत्यारपत्र या चार कागदांचे नमुने मोफत उपलब्ध करावेत.

आमच्या वाड्यावरच्या काही घरमालकांनी आणि भाडेकरूंनी एकत्र बसून दोन पानी कराराचा मराठी मसुदा तयार केला आहे. अनामत किती दिवसांत परत द्यायची आणि दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा, या दोन कलमांवर सर्वांत जास्त चर्चा झाली आणि शेवटी दोन्ही बाजूंचे एकमत झाले. हा मसुदा या पत्रासोबत आपल्या कार्यालयाकडे पाठवत आहे. कायदा विभागाने तो तपासून त्यातल्या उणिवा कळवाव्यात, आणि शुल्काचा तक्ता कोणत्या तारखेपर्यंत लावला जाईल, याचे लेखी उत्तर द्यावे.

आपली नम्र,
फोंडा तालुक्यातील एक घरमालक